चि. मंदार यास, गॉडफ्रे ड्यूई यांच्याविषयी

चि. मंदार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

महाविद्यालयाच्या क्रीडास्पर्धांची व्यवस्था तुझ्याकडे आल्याचे कळल्यापासून गॉडफ्रे ड्यूई यांच्याविषयी तुला लिहावे, असे मनात होते. ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणाचे जनक मेलविल ड्यूई यांचे हे चिरंजीव. न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड येथे वडिलांनी काढलेल्या क्लबात जेवणाची यादीसुद्धा सुधारित, उच्चारानुसारी स्पेलिंगमध्ये छापली जाई. खेळ आणि स्पेलिंग या दोन्ही गोष्टींचा ध्यास गॉडफ्रे यांना घरातूनच लागला.

१९२८ च्या सेंट मॉरिट्झ हिवाळी ऑलिंपिकला ते अमेरिकेच्या स्की संघाचे व्यवस्थापक म्हणून गेले आणि पुढच्याच वर्षी, चार हजारांहूनही कमी वस्तीच्या आपल्या गावासाठी, त्यांनी यजमानपद मिळवले. सहा महिन्यांत शेअर बाजार कोसळला. बॉबस्लेचा, म्हणजे बर्फाच्या उतारावरून धावणाऱ्या घसरगाडीच्या शर्यतीचा, मार्ग राखीव वनातून नेण्यास न्यायालयाने मनाई केल्यामुळे जागा बदलावी लागली, आणि ऐन वेळी हिवाळा उबदार निघाल्याने बर्फ वाहून आणण्याची पाळी आली. एवढे होऊनही ४ फेब्रुवारी १९३२ रोजी गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या हस्ते स्पर्धांचे उद्घाटन झाले, १७ देशांचे खेळाडू आले, आणि हिवाळी ऑलिंपिकमधील फिगर स्केटिंग प्रथमच छताखाली झाले.

मात्र त्या क्लबाची दारे ज्यूंना बंद होती आणि स्पर्धांच्या तयारीतच त्यावर जाहीर आक्षेप घेतले गेले. हे मला मुळीच क्षम्य वाटत नाही. तुझ्या स्पर्धेत प्रवेशाच्या अटी कोणालाही आडकाठी करणार नाहीत, हे तू स्वतः पाहा.

त्यांच्या स्पेलिंगच्या कामाचे मला विशेष कौतुक आहे. लाखभर शब्दांचा मजकूर घेऊन इंग्रजीतला कोणता ध्वनी किती वेळा येतो, याची त्यांनी मोजणी केली. १९२३ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा शीर्षकातल्या ‘रिलेटिव्ह’चे शेवटचे, न उच्चारले जाणारे ‘ई’ अक्षर त्यांनी मुखपृष्ठावरच गाळले होते. मत मांडण्याआधी मोजून पाहण्याची ही सवय तू अवश्य उचल. ‘नाइफ’च्या आरंभी ‘के’ कशाला, असे तू लहानपणी विचारायचास; मुलांच्या वाचनात येणारा हाच अडथळा दूर व्हावा, यासाठी ते आयुष्यभर झटले. शाळांनी त्यांची पद्धत स्वीकारली नाही, तरी १९७१ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, हेच म्हणणे त्यांनी पुन्हा एका पुस्तकात सविस्तर मांडले.

तुझी,
आई