पडदा कोणता घ्यायचा, हे शेवटी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला घरी विमान बांधणाऱ्यांवरचा लेख वाचला. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधून दाखवलं, तेव्हापासून आपल्याकडच्या मुलांच्या डोक्यात हा विषय आहे. त्याला वर्तमानपत्राने जागा दिली याचा आनंद झाला. पण ‘जुनी घड्याळं (म्हणजे काट्याची उपकरणं) काढून एक मोठा टचस्क्रीन बसवला की काम झालं’ हे त्यातलं वाक्य मला फार खटकलं. माझी सगळी नोकरी हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून झाली, म्हणून हे लिहितो आहे.

हे इलेक्ट्रॉनिक डिस्प्ले, म्हणजे पडदे, चांगलेच आहेत. पूर्वी कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते, दाखवायला व्हॅक्यूम पंपावर फिरणारं चक्र, म्हणजे जायरो, लागायचा. पंप बंद पडला की क्षितिज हळूहळू कलायचं आणि वैमानिकाच्या लवकर लक्षातही यायचं नाही. आता ते काम नखाएवढ्या चिप करतात. डायनॉन, गार्मिनचा जी3एक्स, जीआरटी, दक्षिण आफ्रिकेची एमजीएल, यांतलं काहीही घ्या, वेग, उंची, नकाशा, इंजिनाचं तापमान सगळं एका जागी दिसतं. पण पडदा स्वतः काही मोजत नाही. वेग कळतो पुढे तोंड असलेल्या पिटो नळीत शिरणाऱ्या हवेवरून आणि उंची कळते विमानाच्या अंगावरच्या स्टॅटिक छिद्रातल्या दाबावरून. ती वाट बुजली की पडद्यावर सुबक आकडे दिसतात आणि ते चुकीचे असतात.

6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं बोइंग 757 समुद्रात कोसळलं, 189 माणसं गेली. विमान बरेच दिवस उभं होतं आणि पिटो नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं असावं, असं तपासात पुढे आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेरूत दुसरं 757 पडलं, 70 जण गेले. धुताना स्टॅटिक छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली होती. दोन्ही विमानांत इलेक्ट्रॉनिक डिस्प्ले होते. आपल्याकडे तर कुंभारीण कुलपाच्या भोकातसुद्धा घर करते.

ओगलेवाडीजवळ एका शेडमध्ये माझा पुतण्या आणि त्याचे मित्र दोन आसनी विमान बांधताहेत. पडद्याला माहिती पुरवणारा सेन्सरचा डबा त्यांनी सीटच्या मागे बसवला होता, कारण तिथे जागा मोकळी होती. त्यांच्या डब्यातच चुंबकीय दिशा मोजणारा भाग आहे. मी पंखाच्या टोकाचा दिवा लावायला सांगितला. विमान जागच्या जागी उभं, आणि पडद्यावरची दिशा आठ-दहा अंशांनी सरकली. दिवा बंद केला की परत जागेवर. पुतण्या म्हणाला, “काका, सॉफ्टवेअर अपडेट करून बघू का?” म्हटलं, “अरे, आधी वायर कुठून गेलीय ते बघ.” दिव्याची वायर डब्यापासून वीतभरावरून गेली होती आणि अर्थिंग फ्रेममधून घेतलं होतं, त्या विजेच्या चुंबकत्वाने दिशा चुकत होती. डबा शेपटीकडे नेला, चुंबकाला न लागणाऱ्या पितळी स्क्रूंनी बसवला, दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र वायर दिली. दिशा हलायची थांबली.

स्टॅटिक छिद्रापासूनच्या नळ्यांची गळती तपासायला महागडं यंत्र नसलं तरी सुरुवात करता येते. एका बाजूचं स्टॅटिक छिद्र पट्टीने बंद करायचं, दुसऱ्या बाजूच्या छिद्राला नळी जोडून सिरिंजने अगदी हळू हवा ओढायची. पडद्यावरची उंची हजार फूट वाढली की नळी चिमटायची आणि मिनिटभर बघायचं. शंभर फुटांहून जास्त उतरली तर कुठेतरी जोड सैल आहे. घाईने ओढलं तर सेन्सर जातो. बंद केलेल्या छिद्रावरच्या पट्टीला लाल कापडाची लांब शेपटी सोडा, म्हणजे पेरूसारखी ती राहून जाणार नाही.

मग विजेचा हिशेब. अशा छोट्या विमानांत बसणाऱ्या रोटॅक्स 912 इंजिनाचा आतला जनरेटर सुमारे 250 वॉट देतो. पडदे, रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारा यंत्र-डबा), दिवे, पंप यांची बेरीज कागदावर मांडल्याशिवाय दुसऱ्या पडद्याची ऑर्डर देऊ नका. पडद्याची स्वतःची बॅकअप बॅटरी हवीच. शिवाय काट्याचा एक साधा वेगमापक आणि एक अल्टिमीटर (उंचीमापक) पॅनलवर राहू द्या, त्यांना वीज लागत नाही. एकाच कंपनीचे दोन पडदे म्हणजे दुहेरी सुरक्षा, हे मला पटत नाही. सॉफ्टवेअरमधला दोष दोन्हीकडे सारखाच असणार. बॅकअप म्हणून टॅब्लेट लावणाऱ्यांनी एवढं बघावं की ॲपल आपल्या आयपॅडसाठी 35 अंशांपर्यंतच्याच हवेची शिफारस करते. मे महिन्यात कराडच्या धावपट्टीवर काचेच्या कॅनॉपीखाली (पारदर्शक छताखाली) काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

आणखी एक काळजी वाटते. नव्या पडद्यांवर डोंगर रंगीत चित्रासारखे उभे राहतात. ते बघून आषाढात कोयना खोऱ्यात ढगात शिरायचा मोह कुणाला होऊ नये. ते चित्र साठवलेल्या नकाशाचं असतं, समोरच्या डोंगराचं नव्हे.

सातारा-सांगली भागात कुणी पॅनलचा पत्रा कापायला घेत असेल, तर कापण्याआधी मला बोलवावं. सिरिंज आणि नळी घेऊन मी येईन, पैसे घेणार नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट फिटर,
कोरेगाव, जि. सातारा