आराखडा ऑस्ट्रेलियाचा, माती कृष्णाकाठची

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पर्माकल्चरचे वेड आता विश्रामबागच्या बंगल्यांपासून जतच्या फार्महाऊसपर्यंत पोहोचले आहे. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात मांडलेला हा विचार चांगलाच आहे. पाणी, माती, झाडे, जनावरे यांची अशी सांगड घालायची की एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याच्या कामी यावे. घोळ होतो तो मोबाइलवरून जसेच्या तसे उतरवलेल्या आराखड्यांमुळे.

दिशेचेच बघा. ऑस्ट्रेलियात सूर्य उत्तरेकडून तळपतो, म्हणून तिथल्या आराखड्यात उंच झाडे दक्षिणेला असतात. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो. त्यामुळे तोच आराखडा इथे लावला, तर ऐन हंगामात वाफे सावलीत जातात आणि टोमॅटो नुसताच उंच वाढतो, फळ धरत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सांगलीत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. उन्हाळ्यात भाजी करपते ती तिसऱ्या प्रहराच्या उन्हाने. म्हणून दक्षिण मोकळी ठेवावी आणि शेवगा, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) पश्चिमेला लावावेत.

याहून जास्त नुकसान समतल चरांनी, म्हणजे पाणी जिरवायला उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या चरांनी होते. जत, आटपाडी, माण, खटावच्या मुरमाड उतारावर चर हवेतच. दहा फूट लांब, दोन फूट रुंद, फूटभर खोल चरात साडेपाचशे लिटरच्या वर पाणी मावते. समतल रेषा काढायला शेंड्याला एकत्र बांधून खाली फाकवलेले सात फुटी दोन बांबू, मध्ये आडवी पट्टी आणि शेंड्यावरून सोडलेला दोरी-दगडाचा ओळंबा पुरतो. दोरी पट्टीवर जिथे टेकते तिथे खूण करायची, पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करायची आणि दोन्हींचा मध्य धरायचा. दोरी त्या मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत. चराच्या एका टोकाला बांधापेक्षा चार-सहा इंच खाली दगडांचा सांडवा हवाच. तो नसला की पहिलाच वळीव बांध फोडून माती खालच्याच्या रानात नेतो.

मिरज, वाळव्याच्या काळ्या भारी मातीत मात्र हाच चर डबके होतो. ही माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जिरणे जवळजवळ थांबते. पपईसारख्या झाडाची मुळे मग हवेविना कुजतात. आधी फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा पाण्याने भरावा. ते जिरले की पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही उभे दिसले, तर चराचा नाद सोडावा. तीन फूट रुंद, फूटभर उंच गादीवाफे करावेत आणि मधल्या दीड फुटी वाटांना बाहेर उतार द्यावा.

आच्छादनाला आपल्याकडे उसाचे पाचट फुकट मिळते, तरी लोक ते पेटवतात, याला काय म्हणावे! पाचट मातीत गाडू नये. त्यात कर्ब फार आणि नत्र कमी असल्याने ते कुजवणारे जिवाणू मातीतलेच नत्र ओढतात आणि रोपे पिवळी पडतात. खाली गिरिपुष्पाचा हिरवा पाला, त्यावर शेणकाला आणि वर चार-सहा इंच पाचट, असा थर द्यावा. एप्रिलमध्ये काळ्या मातीला भेगा पडून तंतुमुळे तुटतात, तेही यामुळे टळते. बुंध्याभोवती तीन-चार इंच जागा उघडी ठेवावी, नाहीतर वाळवी लागते आणि पावसाळ्यात गोगलगायी ठाण मांडतात. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे, कच्च्या खतातून हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी येते. पहिल्या वळवानंतर तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे कडुनिंब, बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते रॉकेलच्या पाण्यात पाडले, तर निम्मे काम तिथेच होते.

न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावायची आपली जुनी रीत म्हणजे पर्माकल्चरच. पण वॉशिंग मशिनचे पाणी त्यात सोडू नये. कपड्यांच्या पावडरीतला सोडियम काळ्या मातीचे कण विस्कटतो. मग माती ओली असताना चिखल आणि वाळल्यावर दगड होते. अशा जागी जिप्सम उपयोगी पडते, पण निचरा नसेल तर तोही खर्च पाण्यात.

प्रशिक्षण शिबिरे घेणाऱ्यांना एवढीच विनंती की, सहभागींच्या हाती आराखडा देण्याआधी त्यांना तो फूटभर खड्डा भरून बघायला लावा. जागा नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यातली असेल, तर मातीबरोबर बोअरच्या पाण्याचीही तपासणी करून अहवाल घेऊन यायला सांगा.

– एक वाचक, सांगली