वर्डमधल्या मराठीची दुखणी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

स्मरणिकेची फाईल पाहिली. एक पान मोकळं, पुढचं दाटीवाटीचं, यात तुझा दोष फार थोडा. आधी कंट्रोल+शिफ्ट+8 दाब, म्हणजे एरवी लपलेल्या खुणा दिसतील. परिच्छेदाच्या शेवटी उलट्या पी-सारखी जी खूण दिसते, तिच्या पोटात त्या परिच्छेदाचं अंतर, इंडेंट, अलाइनमेंट सगळं असतं. दुसऱ्याचा लेख त्या खुणेसकट उचललास की त्याच्या सवयीही सोबत येतात. म्हणून कंट्रोल+आल्ट+व्ही दाबून 'अनफॉरमॅटेड युनिकोड टेक्स्ट' निवड. ठळक-तिरपं तेवढं पुन्हा करावं लागेल, पण ते परवडलं.

पत्त्यांच्या ओळींत शब्द फाकलेत, कारण तिथे शिफ्ट+एंटर आहे आणि परिच्छेद जस्टिफाय, म्हणजे दोन्ही समासांना भिडवलेला. तुटलेली ओळही वर्ड समासापर्यंत ताणतो. तो परिच्छेद डावीकडे लाव, किंवा ओळ तोडण्याआधी एक टॅब दे.

मधेच एखादीच ओळ उंच का? एका ओळीत दोन फॉन्ट आले की जो उंच, त्याच्या मापाने वर्ड जागा सोडतो, आणि मंगल हा देवनागरी फॉन्ट उंचच आहे. नुसती मोकळी जागा मंगलमध्ये राहिली तरी पुरते. लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' करून 12 पॉइंटच्या अक्षराला 18 ते 20 दे. 12 दिलंस तर वेलांट्या आणि रफार छाटले जातील. हे स्टाइलमध्येच कर, पानोपानी नको. तिथल्या फॉन्टच्या चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा वेगळा रकाना असतो. मराठीचा फॉन्ट आणि आकार त्यात. वरचा रकाना इंग्रजीचा. बहुतेकांची गफलत इथेच होते.

अध्यक्षांचा लेख कृतिदेवमधला, म्हणजे इंग्रजी अक्षरांनाच देवनागरी रूप देणाऱ्या जुन्या फॉन्टमधला आहे, ते प्रकरण निराळं. तिथे 'कमल' म्हणजे संगणकाच्या लेखी डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरं. परिच्छेदाच्या सुरुवातीला ती टाइप करून स्पेस दिलीस की वर्ड मदतीला धावून पहिलं अक्षर कॅपिटल करतो. कॅपिटल डी म्हणजे क् आणि झालं 'क्मल'! फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स इथे जाऊन कॅपिटलच्या सगळ्या खुणा काढ. आणि हा मजकूर निवडून फॉन्ट मंगल केलास तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घे, म्हणजे मराठी अक्षरांना त्यांचे स्वतःचे संकेत मिळतील. मग प्रूफ मात्र डोळ्यांनीच वाच, कन्व्हर्टर जोडाक्षरांत हमखास घसरतो.

शेवटचं, सगळ्यात फसवं. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला फरक तुला सांगायला नको. हा 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट+जे दाबून येणारा नुक्त्याचा ऱ, मग हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, हे जोडणीचं चिन्ह) आणि मग य. कागदावर दोन्ही सारखेच, पण संगणकाला वेगळे. म्हणून 'दुसऱ्या' शोधलंस की निम्मेच सापडतात. जो सापडत नाही तो 'ऱ्या' मजकुरातून कॉपी करून फाइंडमध्ये चिकटव, रिप्लेसमध्ये शिफ्ट+जेवाला टाइप कर आणि रिप्लेस ऑल. 'ऱ्हा'साठी हेच पुन्हा.

हे सगळं मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवून कर. पीडीएफ छापखान्यात जाण्याआधी एकदा इकडे पाठव.

तुझाच,
जुना मित्र