क्वार्टरवरच्या मॅनकिलरबाई

संपादक महोदय, भाचा अमेरिकेहून आला तेव्हा त्याच्या खिशातल्या चिल्लरमध्ये २०२२चं एक क्वार्टर (पाव डॉलरचं नाणं) होतं, त्यावर शाल पांघरलेली बाई, बाजूला सात टोकांचा तारा आणि चेरोकी लिपीतली अक्षरं. या विल्मा मॅनकिलर, १९८५ मध्ये चेरोकी नेशनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या, पहिल्या महिला प्रिन्सिपल चीफ (प्रमुख) झाल्या. (आडनाव ऐकून भाचा हसला, पण ते जुन्या लष्करी हुद्द्यावरून आलंय.) १९८३ला डेप्युटी चीफसाठी उभ्या राहिल्या तर बाई कशाला हवी म्हणून विरोध, गाडीचे टायर फाडले, धमक्या आल्या. त्याआधी बेल नावाच्या गावात घरोघरी नळ नव्हता, तिथे यांनी लोकांनाच कामाला लावलं आणि गावकऱ्यांनी स्वतः खणून सुमारे १६ मैल पाइपलाइन टाकली, मजुरी नाही काही नाही. मला तर चीफपदापेक्षा हेच मोठं वाटतं. १९९१ला ८० टक्क्यांहून जास्त मतं पडली ती उगाच नाही. बाई नाण्यावर आल्या, पण १८३५च्या करारात चेरोकींना अमेरिकी संसदेत प्रतिनिधी द्यायचं लिहिलंय, २०१९ला चेरोकी नेशनने त्यासाठी किम टीही यांचं नावही दिलं, तरी खुर्ची काही मिळेना!

– एक वाचक, सातारा