‘६० टक्के कापूस’ छापलेल्या धाग्यात कापूस नसल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज सकाळी आपल्या ग्राहक सेवेला मी तिसऱ्यांदा फोन केला आणि तिथे जे ऐकावे लागले, त्यानंतर हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडून मागवलेल्या ५० ग्रॅमच्या १० गोळ्यांच्या वेष्टनावर ‘६० टक्के कापूस, ४० टक्के लोकर’ असे छापलेले आहे. तेवढ्यासाठीच मी हा धागा घेतला. आमच्याकडे थंडी रात्री आणि पहाटे झोंबते, दहा वाजले की ऊन लागते, म्हणून घाम शोषणारा हलका स्वेटर हवा असतो. यजमानांना हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्री शेतात जावे लागते, कारण पंपाची वीज रात्रीच मिळते. त्यांच्यासाठी ८ नंबरच्या सुयांवर पाठ आणि पुढचा भाग पूर्ण करून मी बाही विणायला घेतली होती.

मागच्या आठवड्यात चुलीतली ठिणगी त्या बाहीवर उडाली. लगेच झटकली, तरी भोक पडले आणि त्याची कड वितळून कडक झाली. कापूस वितळत नाही, लोकरही वितळत नाही. म्हणून मी धाग्याचा वीतभर तुकडा चिमट्यात धरून पेटवला. वातीची पडते तशी मऊ राख पडली नाही, केस जळल्याचा वासही आला नाही. धागा आक्रसत गेला आणि टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा काळा मणी राहिला, जो नखाने फुटला नाही. हा कृत्रिम धागा आहे. ज्या घरात दरवर्षी कापूस वेचला जातो आणि देवापुढची वात रोज हाताने वळली जाते, त्या घराला कापूस ओळखता येतो.

हे सर्व ऐकून आपले प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, वापरलेला माल परत घेता येत नाही.” विणल्याशिवाय दोष कळणार कसा, असे मी विचारले. त्यावर ते हसले आणि म्हणाले, “तसंही तुमच्या विदर्भात स्वेटर लागतो कशाला? तिकडे तर ऊनच असतं ना?” २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे मी त्यांना सांगितले. “तुमचा फीडबॅक नोंदवला आहे,” एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. फोन स्पीकरवर होता. समोर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनी ते हसणे ऐकले आणि त्यांचा हात थांबला. माझ्या लेकीच्या पहिल्या हिवाळ्याचे टोपरेही मी आपल्याच धाग्याचे विणले होते, म्हणून हा अपमान मला अधिक लागला.

ओलितावरचा माणूस रात्री शेकोटीजवळ बसतो. असा धागा अंगावर पेटला तर वितळून कातडीला चिकटतो. वेष्टनावर कापूस लिहून हे विकणे ही केवळ पैशांची फसवणूक नाही.

माझे १,९०० रुपये परत करावेत, या लॉटची विक्री थांबवावी आणि धाग्यात प्रत्यक्ष काय आहे ते लेखी कळवावे. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी माझ्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. अर्धवट स्वेटर, उरलेले गोळे, वेष्टने आणि तो काळा मणी मी डब्यात जपून ठेवले आहेत.

आपली ग्राहक,
जिल्हा यवतमाळ