लबुशेनचं जन्मगाव कुठे छापलंत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑस्ट्रेलियाचा फलंदाज उस्मान ख्वाजा जानेवारी 2026 मध्ये सिडनीला शेवटची कसोटी खेळून निवृत्त झाला. आपल्या क्रीडापानावर बातमी सविस्तर आली, पण मथळ्यात ‘पाकिस्तानी वंशाचा’ आणि खाली मजकुरात पुन्हा दोनदा तेच. म्हणून लिहायला बसलो.

1 मार्च 2023 ला मी होळकर स्टेडियममध्ये होतो, भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीला. धरमशाळेची कसोटी आयत्या वेळी इंदूरच्या वाट्याला आली होती. सोबत नातू, आणि गेटवर पेन अडवतील या भीतीने मोज्यात लपवलेला पेन्सिलीचा तुकडा, कारण धावसंख्या वहीत मांडल्याशिवाय मला मॅच बघवत नाही. चेंडू पहिल्या तासापासूनच हातभर वळत होता. आपला डाव 109 वर आटोपला. त्यांच्या फिरकीपटू कुन्हेमनने 16 धावांत पाच जण काढले, आपल्याकडून सर्वाधिक 22, त्या कोहलीच्या. मग त्यांचा सलामीवीर ट्रॅव्हिस हेड लवकर गेला आणि ख्वाजा-लबुशेन जोडी जमली. 96 धावांची भागीदारी. स्टेडियम चिडीचूप. माझ्या वहीत ख्वाजाच्या ओळीत नुसते ठिपके, म्हणजे बिनधावेचे चेंडू, मध्येच एखादा चौकार, पुन्हा ठिपके. मागे सरकून, बॅट सैल धरून तो चेंडू पायाशी मारून टाकायचा. 147 चेंडूंत 60 करून जडेजाला स्वीप मारताना गिलच्या हाती गेला. त्या कसोटीत अर्धशतकं दोनच झाली, दुसरं पुजाराचं 59. सामना आपण तिसऱ्या दिवशी सकाळीच नऊ विकेट्सनी हरलो.

ख्वाजाचं अर्धशतक लागलं तेव्हा आमच्या मागच्या रांगेतून त्याच्या जन्मभूमीवरून जे ओरडणं झालं ते इथे लिहीत नाही. नातवाने विचारलं, “आबा, टाळ्या वाजवायच्या का?” मी म्हटलं, “थांब जरा.” ते ‘थांब जरा’ मला अजून बोचतं. याच गावात आम्ही लहानपणी पाहुण्यांच्या फटक्यालाही दाद द्यायला शिकलो होतो.

आता गंमत बघा. त्या भागीदारीतला दुसरा जण, मार्नस लबुशेन, जन्मला दक्षिण आफ्रिकेत, क्लर्क्सडॉर्पला. दहाव्या वर्षी ऑस्ट्रेलियात आला तेव्हा घरची भाषा आफ्रिकान्स. ख्वाजा इस्लामाबादहून आला तो त्याच्याही निम्म्या वयात. म्हणजे खेळपट्टीवर दोन स्थलांतरित उभे होते, आणि उशिरा आलेला नुसता ‘ऑस्ट्रेलियन’, आधी आलेला मात्र ‘वंशाचा’. त्या दौऱ्याला ख्वाजाचा व्हिसा अडकला होता. संघ पुढे गेला, हा मागून आला.

बरं, कारकीर्द तरी सांगायची होती. 2011 च्या जानेवारीत सिडनीलाच जखमी पाँटिंगच्या जागी आला, 37 केल्या. नंतर आत-बाहेर, आत-बाहेर. 2013 च्या भारत दौऱ्यात मोहालीला कोचने दिलेला ‘गृहपाठ’ केला नाही म्हणून चौघांना बसवलं, त्यात हाही. 2018 मध्ये दुबईला पाकिस्तानविरुद्धच चौथ्या डावात 302 चेंडू खेळून 141 करत कसोटी वाचवली. पुन्हा वगळला. 2022 च्या सुरुवातीला हेडला कोविड झाला म्हणून जागा मिळाली आणि पस्तिशी गाठलेल्या माणसाने एकाच कसोटीत 137 आणि नाबाद 101 ठोकले. लगेच पाकिस्तानात जाऊन रावळपिंडीला 97, कराचीला 160, लाहोरला 91 आणि नाबाद 104. एवढं सगळं असताना आपल्या बातमीत वंशाला तीनदा जागा आणि दुबईच्या त्या डावाला एक ओळ नाही, याला काय म्हणावं?

आणि हे इंदूरच्या वर्तमानपत्राने करावं! इंदूरच्या होळकर संस्थानाचा संघ ज्यांच्यावर उभा राहिला ते सी. के. नायडू नागपूरचे. रणजी करंडकात 443 वर नाबाद राहिलेले भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, तेही होळकरांकडून खेळले. 1945 च्या रणजी अंतिम सामन्यात आमच्यासाठी नाबाद 249 करणारा डेनिस कॉम्प्टन तर इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीतला इंग्रज. सामना हरलो, पण त्या 249 ची गोष्ट माझ्या वडिलांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवली की तो इंग्लंडचा होता हे मला फार उशिरा कळलं. आम्ही मराठी माणसं तरी इथे कुठून आलो? पाच पिढ्या रामबागेत काढून आजही पुण्याला गेलो की “तुम्ही इंदूरकडचे ना?” आणि इथे गल्लीत “वो मराठी वाले अंकल”.

तेव्हा एक विनंती. पुढे लबुशेनची बातमी द्याल तेव्हा क्लर्क्सडॉर्पही मथळ्यात टाका. तेवढी जागा नसेल तर इस्लामाबादही गाळा. आणि दुबईच्या त्या 141 वर रविवारच्या पुरवणीत अर्धा कॉलम द्या. नातवाला कापून वहीत चिकटवायचा आहे.

आपला,
एक जुना वाचक,
रामबाग, इंदूर