विषय : न विचारता बदललेले घड्याळाचे भाग परत मिळण्याबाबत व मूळ बिघाडाबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

वडिलांचे किल्लीचे, 17 ज्वेलचे मनगटी घड्याळ मी आपल्या सेवा केंद्रात दिले, तेव्हा त्याची तक्रार एकच होती. आडवे ठेवले की ते वेळ बरोबर दाखवायचे आणि मनगटावर बांधले की दिवसाला चार-पाच मिनिटे मागे पडायचे. कोणताही भाग बदलण्यापूर्वी मला विचारावे, असे मी पावतीवर आग्रहाने लिहून घेतले होते. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

दुरुस्तीनंतर घड्याळ समोर आले ते ओळखू येईना. जुनी होऊन साईच्या रंगाची झालेली तबकडी पांढरीशुभ्र रंगवली आहे, आणि नवा मिनिटकाटा इतका आखूड आहे की तो मिनिटांच्या रेषांपर्यंत पोचतच नाही. पॉलिश करताना केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, धारदार कडा गोल झाल्या. तो धातू आता परत येणार नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला आधीच्या कारागिरांनी सुईने कोरलेल्या तारखा तेवढ्या शाबूत राहिल्या, बहुधा पॉलिशचे चाक तिथवर पोचले नाही म्हणून.

एवढे करूनही मूळ बिघाड तसाच आहे. बॅलन्स व्हील, म्हणजे वेळ राखणारे झुलते चाक, ज्या बारीक आसावर फिरते त्या बॅलन्स स्टाफची टोके झिजली आहेत, पण ‘भाग उपलब्ध नाही’ असा शेरा मारून आपण तो विषय संपवला. आपल्या तंत्रज्ञांशी बोलताना कळले की शोध तबकडीवरच्या नावाने घेतला गेला. वास्तविक एकच मशीन अनेक कंपन्यांच्या घड्याळांत बसवलेले असते, त्यामुळे भाग शोधायचा तो मशीनच्या कॅलिबर क्रमांकावरून, म्हणजे मशीनच्या मॉडेलच्या क्रमांकावरून, आणि तो क्रमांक बहुधा बॅलन्स व्हीलच्या खाली प्लेटवर कोरलेला असतो. त्याच कॅलिबरच्या बंद मशीनमधून स्टाफ काढता येतो, नाहीतर कुशल कारागीर लेथवर नवा घडवतो.

तरी माझे मूळ काटे आणि काढलेला प्रत्येक भाग 15 दिवसांत परत करावा, रंगकाम व पॉलिशसाठी आकारलेली रक्कम परत द्यावी, आणि कॅलिबर क्रमांकावरून स्टाफ शोधून तो बसवता येईल की नाही हे लेखी कळवावे. येत नसेल, तर घड्याळ पुन्हा न उघडता ठेवून द्यावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपला,
एक ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, घड्याळ देण्यापूर्वी काढलेली छायाचित्रे